अस्तराचा हात

घरातील एखादे कपाट नवे रंगविले की पाहुण्यांची नजर प्रथम रंगाकडे जाते. रंग कोणता, कोठून आणला, डबा केवढ्यास पडला, हे प्रश्न ठरलेले असतात. त्या रंगाखाली काय आहे, हे मात्र आजवर एकाही पाहुण्याने आम्हांस विचारलेले नाही. ह्यात पाहुण्यांस दोष देण्याचे कारण नाही. कारण वयाची साठी उलटेपर्यंत आम्हीही हा प्रश्न कोणास विचारला नव्हता. तो विचारावयास आम्हांस ज्या कपाटाने शिकविले, त्याची हकीकत येथे सांगावयाची आहे. ती सांगताना आमची थोडी शोभा होणार आहे. पण तिला आता इलाज नाही.

आमचे वडीलबंधू अण्णा वाईस शाळेत शिक्षक होते. १९७१ सालापासून त्यांनी एक व्रत धरले होते. अंगणात मोकळ्या जागी एक पर्जन्यमापक मांडून रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजावयाचे आणि आकडा वहीत टिपावयाचा. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावयाचे. पण दिवस चुकवावयाचा नाही. दर वर्षाची एक वही, तिला कापडी पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागदाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्यांच्या वळणदार अक्षरात साल. २०१२ साली दृष्टी अधू झाल्यावर हा नेम सुटला, तोवर अशा बेचाळीस वह्या झाल्या होत्या. त्या पाहावयास हवामानखात्याचा कोणी अधिकारी कधी आला नाही, आणि अण्णांनीही त्या कोणास दाखविल्या नाहीत.

ह्या वह्या पूर्वी वडिलांच्या सागवानी कपाटात असत. वाईचा वाडा १९९६ साली विकला, तेव्हा ते कपाटही विकून टाकावे असा आग्रह आम्ही धरला. अण्णांच्या भाड्याच्या खोल्यांच्या दारातून ते आत जाण्यासारखे नव्हते आणि पुण्यास आमच्या तिसऱ्या मजल्यावर चढण्यासारखे नव्हते, असा आमचा बिनतोड हिशेब होता. अण्णा एवढेच म्हणाले, "मग वह्या कुठं ठेवू?" आम्ही म्हणालो, "लोखंडी पेटीत ठेवा." त्यांनी त्या पेटीत ठेवल्या. पुढे बावीस वर्षे त्या विषयावर ते आमच्याशी अवाक्षर बोलले नाहीत. आणि खरे सांगावयाचे तर इतर विषयांवरही पूर्वीसारखे बोलले नाहीत.

२०१८ च्या फेब्रुवारीत अण्णा गेले. महिन्याभराने पेटी आमच्या घरी आली. झाकण उघडले तो आत बेचाळीस वह्या सालवार रचलेल्या. त्या पाहून आमच्या मनात जे आले ते कोणासही सांगण्यासारखे नव्हते. म्हणून आम्ही निराळेच काही बोललो. आम्ही सौभाग्यवतीस म्हणालो, "ह्यांच्यासाठी कपाट करावयाचे, आणि ते आम्ही आमच्या हाताने करणार." ती म्हणाली, "अहो, सुतार बोलवा." आम्ही बोलाविला नाही. प्रायश्चित्त दुसऱ्याच्या हातून घेता येत नाही, अशी आमची तेव्हा समजूत होती. त्या समजुतीत प्रायश्चित्ताचा भाग किती आणि अहंकाराचा किती, हे पुढे कळले.

सागवान घेण्याची आमची ऐपत नव्हती. भवानी पेठेतील टिंबर मार्केटात आम्हांस एम.डी.एफ. दाखविण्यात आले. ह्या तीन अक्षरांचा अर्थ मराठीत सांगावयाचा तर 'मध्यम घनतेचा तंतुफलक' असा काहीतरी बोजड सांगावा लागेल. निलगिरी, रबराचे झाड अशा लागवडीच्या लाकडाचे तुकडे वाफेने मऊ करून पिंजतात, तो पिंजलेला तंतू यूरिया-फॉर्मल्डिहाइडच्या डिंकात व थोड्या मेणात घोळतात, आणि तापलेल्या दाबयंत्राखाली त्याचा फळा थापतात. आठ फूट बाय चार फूट मापाचा, १८ मिलिमीटर जाडीचा एक फळा सुमारे चाळीस किलो भरतो. त्यास ना गाठ, ना रेषा, ना भेग. पृष्ठभाग असा गुळगुळीत की त्यावरून हात फिरविताच मनुष्यास वाटते, हा रंगासाठीच जन्मास आला आहे. आम्हांसही तसेच वाटले. दुकानदाराने मापाप्रमाणे यंत्रावर तुकडे कापून दिले. चैत्र-वैशाखात आम्ही ते जोडले, त्यास पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचा एक हात मारला, त्यावर हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात दिले, आणि रंग बोटास लागेनासा होताच तिसऱ्या दिवशी त्यात अण्णांच्या वह्या मांडल्या. मृगाच्या आत काम पुरे झाले म्हणून आम्ही स्वतःवर बेहद्द खूष होतो.

कडा जरा खरखरीत राहिल्या होत्या, हे आम्ही पाहिले होते. प्रायमर लावताच कापलेल्या कडेवरील तंतू ओल्या टॉवेलाप्रमाणे उभे राहिले होते. त्यावर रंगाचा आणखी एक हात दिला की ते बसतील, असे आम्ही मनाशी म्हणालो. जे दिसत असूनही पाहावयाचे नसते, त्यावर रंगाचा आणखी एक हात देणे ही आमची जुनी खोड.

श्रावणात एके दिवशी कपाटाचे दार लागेना. वाकून पाहतो तो तळची कड चुलीवरच्या भाकरीसारखी फुगलेली. कपाट जमिनीवर टेकलेले, रोज सकाळी फरशी ओल्या फडक्याने पुसली जाते, आणि तळच्या कडेस आम्ही रंगाचा थेंबही लावला नव्हता. कारण ती कोणास दिसणार नव्हती. आतील वह्या काढावयास गेलो तर त्या फळीस चिकटून बसलेल्या. एक ओढली, तिच्या पुठ्ठ्याचे कापड फळीवर राहिले. दुसरीची चिठ्ठी, अण्णांच्या अक्षरासकट, हिरव्या रंगाने धरून ठेवली. सर्वांत खालच्या फळीवरील पहिल्या दोन वह्यांत ओल चढली होती. त्यांतील एक होती १९७२ सालची. त्या सालच्या दुष्काळाची आठवण ज्यांस आहे त्यांस त्या वहीत काय असावे हे सांगावयास नको. पानेच्या पाने शून्ये. पाण्याची वाट पाहत लिहिलेली ती शून्ये पाण्यानेच फुटून निळ्या डागांत मिसळून गेली होती. आम्ही बराच वेळ फरशीवर बसून राहिलो. सौभाग्यवती जवळ येऊन बसली. ती काही बोलली नाही; सुताराचे नावही काढले नाही.

त्या सुमारास शेजारच्या बिऱ्हाडात रंगकाम चालू होते. तेथील रंगारी मूळचा सोलापूरकडचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा. पाणी प्यावयास आला असता त्याने ते कपाट पाहिले, कडेवर अंगठा दाबला आणि म्हणाला, "काका, ह्याला रंग दिलाच नाही तुम्ही. ह्याला पाणी पाजलंय." आम्ही डबे दाखविले, कोणते किती हात दिले ते सांगितले. त्याने ते ऐकून घेतले व विचारले, "कड मारली होती का?" कड मारावयाची म्हणजे काय, हेच आम्हांस ठाऊक नव्हते. मग त्याने उरलेल्या फळ्याचा एक तुकडा मागितला, त्याच्या पृष्ठभागावर एक थेंब व कापलेल्या कडेवर एक थेंब पाणी टाकले, आणि बिडी ओढावयास तो गॅलरीत गेला. परत आला तेव्हा वरचा थेंब मण्यासारखा तसाच होता. कडेवरचा केव्हाच आत जिरला होता आणि तेथे तंतू उभे राहिले होते. एवढ्या प्रयोगात त्याने आम्हांस जे शिकविले, ते आमच्या चाळीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही साहेबास एवढ्या थोडक्यात शिकविता आले नाही.

त्याचे कारण आम्ही मागाहून समजून घेतले. तापल्या दाबयंत्राखाली फळ्याची दोन्ही पृष्ठे अधिक दाबली जाऊन घट्ट होतात. गाभा मात्र त्या मानाने सैल राहतो. करवत फिरली की तो गाभा उघडा पडतो आणि पाणी, प्रायमर, रंग, जे मिळेल ते शोषून घेतो. तंतू मुळात दाबून बसविलेले असतात. पाणी मिळताच ते फुगून मोकळे होतात आणि डिंकाचा बंध सुटतो. पुढे फळा वाळला तरी ते पूर्वीच्या जागी परत जात नाहीत. लाकूड भिजते आणि वाळते. हा फळा एकदा भिजला की भिजला. ओलाव्यास अधिक टिकणारे, एच.डी.एच.एम.आर. नावाचे निराळे फळेही बाजारात मिळतात. पण कड उघडी ठेवण्याची मुभा तेही देत नाहीत. वह्या चिकटण्याचे कारण निराळे होते. ऑइलपेंट केवळ वाळत नाही. हवेतील प्राणवायू घेऊन तो वरून आत असा सावकाश घट्ट होतो. बोटास न लागणे हे त्याचे पहिले पाऊल, शेवटचे नव्हे. आम्ही तिसऱ्याच दिवशी त्यावर वह्यांचे वजन ठेवले, दार लावले आणि त्याची हवा बंद केली.

"आता काय करावे?" असे आम्ही विचारले. रंगारी म्हणाला, "हे टाका. दुसरं करा. पण पावसात नको. आणि कडंला आधी चपडा मारा."

चपडा हा शब्द ऐकताच आम्हांस वाईचा वाडा आठवला. दर पाच-सात वर्षांनी एक पॉलिशवाला येई, बरणीत स्पिरिट घेऊन त्यात लाखेचे तांबूस पापुद्रे भिजत घाली, आणि दुसऱ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने ते पाणी वडिलांच्या सागवानी कपाटावर फिरवी. तो वास आमच्या बाळपणाचा वास आहे. पळस, बोर, कुसुंब ह्यांच्या कोवळ्या डहाळ्यांवर बसणारा एक चिमुकला कीटक आपल्या अंगाभोवती जे घर बांधतो, ती ही लाख. तिचा अभ्यास करण्याकरिता रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली. महाभारतात पुरोचनाने पांडवांकरिता लाक्षागृह बांधले ते जाळावयास. आमच्या पुढे आलेली लाख मात्र घर राखावयास आली होती. तिची ज्वालाग्राही कीर्ती स्पिरिटामुळे आजही खरी आहे. म्हणून ते काम चालू असता सौभाग्यवतीने गॅसची शेगडी पेटवू नये आणि रंगाऱ्याने बिडी ओढू नये, असा नियम आम्ही केला. पहिला भाग पाळला गेला.

दुसरे कपाट आम्ही मार्गशीर्षात आरंभिले. पावसाळी हवेत लाखेचा हात पांढुरका पडतो. कोरड्या थंडीत तो स्वच्छ बसतो. ह्या वेळी रंगारी दर रविवारी येऊन पाहून जाई. हात आमचेच चालत. प्रथम सर्व कडा १८० नंबरच्या पॉलिशपेपरने घासल्या आणि त्यांची धार किंचित मोडली. कारण धारदार कोपऱ्यावर रंग ठरत नाही, तो दोहों बाजूंस ओघळून कोपरा उघडा पडतो. घासताना तोंडावर नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क लावला. ह्या फळ्याची धूळ पिठाहून बारीक असते, आणि तिच्यातील डिंकात जे फॉर्मल्डिहाइड असते त्यास जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली मनुष्यास कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत घातले आहे. बिजागऱ्यांची व स्क्रूंची भोके रंगापूर्वीच पाडून घेतली. भोक म्हणजेही एक उघडी कडच, हे आता आम्हांस सांगावे लागले नाही.

एक लिटर स्पिरिटास सुमारे सव्वाशे ग्रॅम चपडा, ह्या प्रमाणात काचेच्या बरणीत रात्रभर भिजविला. सकाळी तळाशी मेणाचा गाळ बसला होता. वरची निवळी तेवढी घेतली. पहिला पातळ हात कडांनी तहानलेल्या गुरासारखा पिऊन टाकला. तासाभराने दुसरा दिला, तो थोडा वर राहिला. मग त्यावर लांबीचा बारीक थर पात्याने दाबून भरला, तो वाळल्यावर २२० नंबरच्या पेपरने घासला, आणि चपड्याचा तिसरा हात दिला. आता कडेवरून बोट फिरविले असता कड कोठे संपते व पृष्ठ कोठे सुरू होते हे डोळे मिटून सांगता येईना. रंगाऱ्याने पाण्याचा थेंब टाकला. तो मण्यासारखा राहिला. आम्ही त्या थेंबाकडे जितक्या आनंदाने पाहिले, तितक्या आनंदाने आमच्या पहिल्या पगाराकडेही पाहिले नसेल.

त्यानंतर अस्तर. पाण्याचा प्रायमर न घेता टर्पेंटाइनमध्ये पातळ होणारा पांढरा वूड प्रायमर घेतला. त्यात पाणी नाही म्हणून तंतू उठत नाहीत, आणि टर्पेंटाइनने लाख विरघळत नाही म्हणून खालचा थर ढळत नाही. पृष्ठभागावर प्रथम २२० चा पेपर हलका फिरविला, कारण अति गुळगुळीत अंगासही रंग धरत नाही. धूळ कोरड्या फडक्याने पुसली. एक हात, एक रात्र, ३२० चा पेपर; दुसरा हात, दुसरी रात्र, पुन्हा पेपर. दार, पाठ, तळ, फळ्यांच्या खालच्या बाजू ह्यांस सर्वांस सारखेच हात. एकाच बाजूस रंग दिला तर दुसरी बाजू दमट हवा पिते आणि दार पापडासारखे वाकते. सौभाग्यवतीने विचारले, "पाठ भिंतीला लागणार, तिला कशाला?" आम्ही रंगाऱ्याकडे पाहिले. तो म्हणाला, "वहिनी, भिंतच तर ओली होते."

शेवटी रंगाचे दोन हात दिले, ते दोन दिवसांत आटोपले. त्यापूर्वीच्या तयारीस तीन आठवडे लागले होते. रंग झाल्यावर दारे उघडी ठेवून कपाट आणखी एक महिना रिकामे ठेवले. तो महिना आम्हांस सर्वांत कठीण गेला. तयार दिसणारी वस्तू तयार झालेली नाही हे मान्य करून हात आवरणे, हे घासण्याहून अवघड असते. त्या महिन्यात आम्ही खराब झालेल्या वह्यांची पाने सुटी करून, टिपकागदात दाबून, एकेक वाळविली. १९७२ सालची जी शून्ये वाचता आली ती नव्या वहीत उतरून घेतली. जी वाचता आली नाहीत त्या तारखांपुढे जागा कोरी ठेवली. अण्णांनी पाहिले नसलेले शून्य लिहिण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

हे कपाट २०१९ च्या आरंभी चार इंच उंच पायांवर उभे राहिले. तेव्हापासून दर आषाढात आम्ही जमिनीवर बसून त्याच्या तळच्या कडेवरून अंगठा फिरवितो. ती अद्याप सपाट आहे. पाहुणे येतात, रंगाची वाखाणणी करतात. एकदा आम्ही एका पाहुण्यास अस्तराची सर्व हकीकत सांगावयास घेतली, तेव्हा सौभाग्यवती आतून म्हणाली, "अहो, ते दिसत नाही हेच बरं, नाहीतर तुम्ही ते उकरून दाखवलं असतंत." पाहुणे हसले, आम्हीही हसलो.

पण रात्री दिवा मालविताना त्या बंद दाराकडे पाहून एक गोष्ट मनात येते. १९९६ ते २०१८ ह्या बावीस वर्षांत आम्ही वाईस अनेकदा गेलो. फळे नेली, औषधे नेली, सणावारी कपडे नेले, अण्णांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्चही केला. हे सारे रंगाचे हात होते. "कपाटाच्या बाबतीत माझे चुकले," हे चार शब्द तेवढे राहिले. ते आधी द्यावयाचे होते. त्यावर बाकीचे सारे ठरले असते. रंगारी म्हणाला होता की, अस्तर राहून गेले तर सगळा रंग खरवडून पुन्हा मुळापासून आरंभ करता येतो. कपाटापुरते त्याचे म्हणणे खरे आहे.